आशाताईंनी सांगितलंय

दवाखान्यात जन्मलेल्या नवजात बाळाच्या घरी जायचे आम्हा आशांचे दिवस ठरलेले असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. मग तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी, पंधराव्या महिन्यापर्यंत. बेचाळीस दिवसांचे मिळून 250 रुपये, पुढे भेटीला 50. फॉर्ममध्ये बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पिणं असं सगळं विचारलेलं असतं. आईचा ताप आणि रक्तस्रावही विचारलेला असतो. मनाचं म्हणाल तर एकच प्रश्न: असंबद्ध बोलते का, झटके येतात का?

मी जिच्याबद्दल लिहितेय ती बाळंतीण अगदी सुसंबद्ध बोलायची.

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. नवरा यंत्रमागावर, सासू विड्या वळणारी, एकच खोली आणि पुढे पत्र्याचा आडोसा. बाळ मे 2021 मधलं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतलं. पहिल्या भेटीला मी झोळीचा काटा काढला, तर ती दारातूनच म्हणाली, "अक्का, ही झोळी कुणाकुणाच्या घरी जाऊन आली?"

आता याला काय उत्तर द्यायचं? खरंच सगळ्यांच्या घरी जाऊन आली होती. मी तिच्याच जुन्या सुती साडीचा तुकडा मागितला, त्याला गाठी मारून काट्याला अडकवला, रिकामा असताना काटा शून्यावर आणला आणि मग बाळ ठेवलं. त्या दिवसापासून ते फडकं तिच्या घरी खुंटीवर, काटा माझ्या पिशवीत. वजनं मी लपूनछपून अंदाजाने कधीच भरत नाही, एवढा अभिमान मला आहे.

बारसं झालं नाही. कुणी बाळाच्या मुठीत दहाची नोट ठेवली की ती नोटेवर इस्त्री फिरवायची. सासू कारखान्यात विड्या देऊन आली की सूप, कात्री, पत्रा सगळं बाहेर, आधी अंघोळ. सासू चिडायची, "एवढं सोवळं आमच्या देवालापण नाही." त्यातच टीव्हीवर रोज तिसरी लाट, आणि ती म्हणे लहान मुलांनाच गाठणार. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे महिन्यातच सांगितलं होतं की तसा काही पुरावा नाही. पण ते टीव्हीवर कितीदा दाखवलं?

बाळाचा दीड महिन्याचा लसीचा डोस राहिला. ती केंद्रापर्यंत आली होती, पण त्याच आवारात कोविड लसीची रांग आणि टोकनावरून भांडणं. बाळाच्या तोंडावर रुमाल घट्ट धरून परत फिरली. रुमाल काढ, एवढ्या लेकराला तोंड झाकायचं नसतं, श्वास कोंडतो, हे मी नंतर घरी जाऊन सांगितलं. केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "नाटकं आहेत, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." त्यांच्या वेळी दारावर पट्ट्या मारून गल्ल्या बंद केल्या नव्हत्या, हे मी बोलले नाही.

मनाच्या त्रासासाठी सरकारचा मदतीचा फोन नंबर असतो, तो मी तिला दिला होता. ती म्हणाली, "फोनवर काय बोलू? अत्त्या इथेच बसलेल्या असतात." एका खोलीत सासूबद्दल सासूसमोर बोलायचं, हे नंबर काढणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला, ऑगस्टमध्ये, मी ठरवूनच गेले. म्हटलं, कुठे जायचं नाही, फक्त उंबऱ्याबाहेर कट्ट्यावर बस, मी शेजारी बसते. मास्क लावलेल्या दोघीच समोर, हवा मोकळी, बाळ तुझ्याच मांडीवर. बसली. समोरच्या दोघींशी रेशनच्या तांदळावरून बोलायलाही लागली. तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी आली, मास्क हनुवटीवर, आणि सरळ दोन्ही हात पुढे. "आण गं, मुका घेऊ दे."

ती गप्प. तिचे हात बाळाभोवती इतके आवळले की ते रडायला लागलं. मी उठून मध्ये उभी राहिले, रजिस्टर छातीशी धरून म्हणाले, "आजी, सरकारचा नियम आहे. सहा महिन्यांपर्यंत घरच्यांशिवाय कुणी घ्यायचं नाही. पायाला हात लावा, तोही धुऊन."

असा नियम नाही. सहा महिने मी तिथल्या तिथे ठरवले.

म्हातारी फणकारली, "आम्ही काय रोगी आहोत का?" पण हात धुऊन आली, पायांना हात लावला, बोटं मोडून दृष्ट काढली आणि तिथेच टेकली. सरकारवर कोण रागावणार? सुनेवर मात्र गल्ली वर्षभर रागावली असती. थोड्या वेळाने आणखी एकजण आली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आतच ती बोलली, "आशाताईंनी सांगितलंय, पायालाच हात लावायचा." आवाज कापत होता, पण घरात पळाली नाही.

पुढच्या लसीकरणाच्या सत्राला ती आली. मी तिला रांगेच्या आधी, केंद्र उघडताच बोलावलं. पहिला डोस उशिरा झाला तरी देता येतो, त्यामुळे काही बुडालं नव्हतं.

शेऱ्यात मी लिहिलं होतं: "माता माणसांना घाबरते, पुन्हा भेट द्यावी." पर्यवेक्षिकांनी ते खोडून "समुपदेशन केले" असं लिहायला लावलं. वर म्हणाल्या, फॉर्ममध्ये नाही ते लिहायचं नाही.

सहाव्या महिन्याला गेले तेव्हा म्हातारी दारातच बसली होती. "झाले का गं सहा महिने?" तिने मलाच विचारलं. मी आत पाहिलं. ती मान हलवून नाही म्हणत होती. मी म्हातारीला सांगितलं, नियम वाढलाय. मग नववा महिना पुढच्या आठवड्यावर आला, आणि तेव्हा मी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नव्हतं.