पट्टा चांगला, पण बांधला कशाला?

नाशिकच्या गंगापूर रोडवरून पाथर्डी फाट्याकडे जाताना चालू बांधकामांवर नजर टाका. हार्नेस, म्हणजे उंचीवरून पडताना धरून ठेवणारं अंगावरचं साधन, घातलेली माणसं आता बऱ्यापैकी दिसतात. थोडं थांबून त्यांचा हूक कशात अडकवलाय ते बघा. कुणाचा जॅकच्या, म्हणजे स्लॅबखालच्या टेकूच्या, पाइपात, कुणाचा खिडकीच्या ग्रिलला, आणि सगळ्यात जास्त वेळा कॉलमच्या उभ्या सळईत. काही जण कापडी पट्टा गुंडाळून त्यात हूक लावतात, पण तो पट्टाही कशाला बांधलाय हे बघावंच लागतं. त्या सळईपासूनच सुरुवात करू.

१२ मि.मी.ची फे-५०० दर्जाची सळई सरळ ओढली तर साडेपाच टनांच्या आसपास भार घेते. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून सळई म्हणजे भक्कम असं डोक्यात बसलेलं असतं. पण माणूस पडतो तेव्हा सळई ओढली जात नाही, वाकवली जाते. स्लॅबच्या वर एक मीटरवर पट्टा बांधला, तर ती सळई कायमची वाकायला आडवा भार किती लागतो? जेमतेम १५ किलो. १६ मि.मी.ला ३५ किलो, २० मि.मी.ला ६८, आणि २५ मि.मी.ला सुमारे १३३. हिशेब सोपा आहे: सळईच्या व्यासाचा घन, भागिले सहा, गुणिले पोलादाची ताकद, आणि आलेल्या उत्तराला उंचीने भागायचं.

मग सगळ्या सळया एकत्र गुंडाळल्या तर? १६ मि.मी.च्या आठ सळया, रिंगा बांधून केलेला कॉलमचा पिंजरा. सगळ्यांनी सारखा भार उचलला असं धरलं तरी एक मीटर उंचीवर २८० किलोंना पिंजरा झुकायला लागतो. दोरीला चांगला शॉक अब्सॉर्बर, म्हणजे उसवत जाऊन झटका कमी करणारी घडी, असला तरी पडणाऱ्या माणसाचा झटका ६ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सहाशे किलोंपर्यंत जाऊ शकतो. शॉक अब्सॉर्बर नसलेली साधी दोरी असेल तर त्याहून बराच जास्त. शिवाय उघड्या सळईचं वरचं टोक मोकळं असतं. सळई वाकली की पट्टा त्या टोकावरून मोज्यासारखा निघून येतो.

तोच पिंजरा स्लॅबपासून दहा सेंटिमीटरच्या आत, अगदी बुडाशी गुंडाळला की हिशेब दहापट सुधारतो आणि पावणेतीन टनांच्या घरात जातो. अमेरिकन नियमात एका माणसामागे अँकरची, म्हणजे हूक लावायच्या आधाराची, ताकद ५,००० पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन टन मागितली आहे. युरोपच्या ईएन ७९५ या मानकात कापडी पट्ट्याची चाचणी १८ किलोन्यूटनवर तीन मिनिटं घेतात. ही झाली पट्ट्याची ताकद. पट्टा ज्याला गुंडाळला त्याची ताकद लेबलवर छापलेली नसते. ती आपणच बघायची.

म्हणजे बुडाशी बांधलं की काम झालं? तिथे दुसरा घोळ आहे. पट्टा पायाशी आला की माणूस जास्त खोल पडतो. १.८ मीटरची लॅनयार्ड (हार्नेसपासून हुकापर्यंतची दोरी), शॉक अब्सॉर्बर पूर्ण उसवला तर १.७५ मीटर, पाठीच्या रिंगेपासून तळपायापर्यंत दीड मीटर, आणि वर एक मीटर राखीव. बेरीज ६.०५ मीटर, साधारण वीस फूट. पट्टा गुंडाळून उरलेली त्याची शेपटी वेगळी मोजायची. आपल्याकडे मजला दहा फुटांचा. म्हणजे पार्किंगवरच्या पहिल्या स्लॅबवर पायाशी हूक अडकवून काठावर काम करणारा माणूस, सगळं सामान उत्तम दर्जाचं असूनही, दोरी ताणायच्या आत जमिनीवर पोहोचलेला असतो. दुसऱ्या स्लॅबवर हिशेब काठावरचा, आणि खाली मालाचा ढीग किंवा उभे जॅक असतील तर तोही गेला. तोच पट्टा खांद्याच्या उंचीला भक्कम कॉलमवर असेल तर पायाखाली पंधरा फूट पुरतात. पायाशी हूक लावायची परवानगी लॅनयार्डच्या लेबलवर आहे का, तेही बघावं. बऱ्याच लॅनयार्डना ती नसते.

खालच्या मजल्यांवर आणि पायाशीच अँकर मिळत असेल तिथे आमच्या मते एकच शहाणा मार्ग आहे: माणूस काठापर्यंत पोहोचूच नये इतकीच दोरी द्यायची. पट्टा आणि लॅनयार्ड मिळून काठाच्या दोन फूट आधी संपले पाहिजेत. टेप लावून मोजा, अंदाजाने नको. आणि इमारतीच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी मोजा. पुढचा काठ लांब असतो आणि बाजूचा चार फुटांवर, हे कोपऱ्यात हमखास विसरलं जातं.

आता पट्टा. साधारण पावणेदोन इंच रुंद पॉलिस्टरची पट्टी, दोन टोकांना दोन रिंगा, एक मोठी आणि एक लहान. पट्टा कॉलमला घालायचा, लहान रिंग मोठीतून ओवायची, ओढून आवळायचं आणि हूक लहान रिंगेत. उलटं केलं, म्हणजे हूक मोठ्या रिंगेत, तर गळफास आवळला जात नाही आणि पट्टा कॉलमवरून सरकत खाली येतो. पट्ट्याला दुसऱ्या रंगाच्या जाड धाग्याची शिवण असते आणि झिजेची बाजू झाकणारं वेगळं कापड असतं. ते कापड काँक्रीटकडे यायला हवं. बहुतेक वेळा ते बाहेरच्या बाजूला मिरवत असतं.

लांबी घेताना दुकानात सहा फुटी पट्टा हातात ठेवतात, म्हणजे १.८ मीटर. आपला नऊ बाय अठरा इंचांचा कॉलम घ्या: घेर १.३६ मीटर. सहा फुटी पट्टा त्याला छान बसतो, दीड फूट उरतो. नऊ बाय चोवीसचा घेर १.६६, उरले साडेपाच इंच. रिंग ओवली जाते, पण पट्टा कॉलमला घट्ट चिकटून दोन्हीकडून जवळजवळ सरळ रेषेत ताणला जातो. नऊ बाय तीसच्या कॉलमला तर तो पुरतच नाही. मग दोन पट्टे एकमेकांत ओवणं, गाठ मारणं, रिंगेत सळईचा तुकडा अडकवणं असे प्रकार सुरू होतात. गाठीने पट्ट्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. घेर मोजा, त्यात किमान दीड फूट मिळवा, आणि तेवढ्या लांबीचा पट्टा मागवा.

सरळ ताणण्याचा धोका आकड्यांत सांगतो. दोन्ही रिंगा एकाच हुकात घेऊन पट्टा पाळण्यासारखा वापरला, तर दोन पदरांतला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पदरावर पूर्ण भार येतो. १५० अंशांना जवळजवळ दुप्पट. दोन पदर आहेत म्हणून भार निम्मा वाटला जाईल हा समज इथे उलटा पडतो. हूक कॉलमला चिकटलेला दिसला की समजा पट्टा आखूड आहे.

कॉलमची धार हा पुढचा मुद्दा. शटरिंगच्या फळ्यांच्या सांध्यातून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, गळून वाळते आणि कोपऱ्यावर काचेसारखी कड तयार होते. हाताने चाचपून बघा, बोट कापतं. पट्टा घालण्याआधी ती कड छिन्नीने मोडायची आणि कोपऱ्यांवर जाड संरक्षक बाही किंवा जुन्या फायर होजचा तुकडा ठेवायचा. गोणपाट चालत नाही, झटक्यात पट्ट्याबरोबर तेही कापलं जातं. पिंजऱ्यावर बांधताना बाइंडिंग वायरची टोकं आत वळवून घ्यायची. ती सुईसारखी पट्टीत घुसतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

स्लॅबच्या कामात वरती गुंडाळायला काहीच नसतं. तिथे काँक्रीटमध्ये पुरायचे पट्टे वापरतात: एका टोकाला फास, दुसऱ्याला डी-रिंग, एकदाच वापरायचे. फास बीमच्या किंवा कॉलमच्या मुख्य सळईवरून घ्यायचा. सळयांभोवती बांधलेल्या आठ मि.मी.च्या रिंगेवरून कधीच नाही, आणि किती सळया त्यात आल्या पाहिजेत ते सोबतच्या कागदावर दिलेलं असतं. भरणीच्या वेळी चार गोष्टी बिघडतात. व्हायब्रेटरची सुई पट्ट्याला लागून तो खाली ओढला जातो, रिंग काँक्रीटच्या आत जाते. रिंगेला प्लॅस्टिक गुंडाळलेलं नसलं की ती स्लरीने भरते आणि हूक बसत नाही. काँक्रीटमधून बाहेर येतो तिथे पट्ट्यावर बाही नसली की सुकलेल्या कडेवर तो प्रत्येक हेलकाव्याला घासतो. आणि चौथी, सगळ्यात नेहमीची: शटरिंग काढणारा पहार घालतो, नेमकी पट्ट्यावर. म्हणून पट्टा कुठून बाहेर येतो ते प्लायवूडवर रंगाने लिहून ठेवा.

घाई इथे फार होते. एम-२५ दर्जाचं काँक्रीट सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकदीपर्यंत येतं, थंडीत त्याहून सावकाश, आणि डिसेंबर-जानेवारीतली नाशिकची पहाट काय असते ते सांगायला नको. उत्पादकाने काँक्रीटची किमान ताकद लिहिलेली असते. त्याच काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, दाबून फोडून तेवढी ताकद दिसल्याशिवाय त्या रिंगेत हूक लागता कामा नये. २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरातल्या कामांना तारखा लागल्यात हे खरं, पण क्यूबला पंचांग कळत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडवर गणित वेगळं. तिथे पत्र्याखालच्या सी किंवा झेड पर्लिनला पट्टा बांधायचा मोह होतो, कारण ती हाताशी असते. वाकवलेल्या पातळ पत्र्याची ती पट्टी पत्र्याचं वजन आणि वारा झेलायला असते, माणसाचा झटका झेलायला नाही. मुख्य राफ्टरला, म्हणजे छताच्या मोठ्या तुळईला बांधा, तिच्या फ्लँजच्या, म्हणजे वरखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडांना बाही घाला. जवळ वेल्डिंग किंवा गॅस कटिंग असेल तर कापडी पट्टा नकोच, तारेची स्लिंग घ्या. ठिणगीने पडलेलं मसुराएवढं भोक पट्टा बाद करायला पुरतं.

अर्ध्या विटेचा किंवा एएसी ब्लॉकचा पॅरापेट, पावसाच्या पाण्याचा पाइप, बांबूची परांची, कपलॉकचा (लोखंडी परांचीचा) आडवा पाइप: यातलं काहीही अँकर नाही. क्रेनची जुनी लिफ्टिंग बेल्टही नको. नवी असताना ती भरपूर ताकदवान असते, पण गेल्या दोन वर्षांत तिने काय काय उचललं, कुठे घासली, हे कुणालाच माहीत नसतं.

पट्टा मरतो कसा, तेही जाणून घ्या. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि पॉलिस्टरला अल्कली खाते. नायलॉनचं उलट, त्याला ॲसिड खातं. टाइल्स बसल्यानंतरच्या ॲसिड वॉशचे शिंतोडे त्याला पुरतात. शिवाय नायलॉन ओलं झालं की पावसाळ्यात काही ताकद तशीही कमी होते. आणि गच्चीवर टांगून ठेवलेला पट्टा उन्हाने फिकट होतो, कडक होतो. कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं. शटरिंग ऑइलच्या डब्याशेजारी ठेवू नका.

रोज सकाळी एका पट्ट्याला दोन मिनिटं लागतात. पट्टी दोन्ही हातांत धरून उलट्या यू-सारखी वाकवा आणि बोटाबोटाने पुढे सरकवा. वाकवलं की तुटलेले तंतू केसांसारखे उभे राहतात, सरळ पट्टीवर ते लपतात. वाकवताना आत कुरकुर लागली तर सिमेंट शिरलंय. शिवणीचा एक टाकाही तुटलेला नको. रिंगेला चीर, गंज, वाक बघा. शेवटी लेबल: उत्पादनाचा महिना-वर्ष, क्रमांक, मानक. लेबल वाचता येत नसेल तर पट्टा बाद. ज्या पट्ट्यावर कुणी पडून लटकलं तो कितीही ठणठणीत दिसला तरी बाद, आणि बाद म्हणजे दोन तुकडे करून. नुसता कोपऱ्यात टाकला तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी बादलीला बांधलेला असतो आणि आठवड्याने पुन्हा कुणाच्या हुकात.

एका पट्ट्याला एकच माणूस, लेबलवर वेगळं लिहिलं नसेल तर. काम पट्ट्याच्या फार बाजूला सरकलं की पडणारा लोलकासारखा झुलून पुढच्या कॉलमवर आदळतो, म्हणून पट्ट्यासमोरच्या सरळ रेषेपासून ३० अंशांच्या बाहेर काम गेलं की पट्टा हलवायचा. हलवताना दुहेरी लॅनयार्डचा एक हूक कायम लागलेला असावा. आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. पायांत रक्त साचून शुद्धीवरचा माणूस बेशुद्ध होऊ शकतो. १०८ ला फोन लावाच, पण शिडी, दोर आणि तो खेचणारी दोन माणसं कोण, हे सकाळीच मुकादमाला ठाऊक असलं पाहिजे.

पुरलेल्या पट्ट्यांचं एक काम राहतं. आरसीसी संपलं की ते काँक्रीटला लागून कापून टाकायचे, त्याच आठवड्यात. बाहेरच्या भिंतीतून लोंबणारी ती रिंग तशीच राहते, दोन उन्हाळे आणि एक पावसाळा खाते, प्लास्टरवाल्याच्या सिमेंटने माखते. मग रंगारी येतो. त्याला आयती, नेमकी हाताच्या उंचीवरची रिंग दिसते, आणि तिच्यामागचा पट्टा प्लास्टरच्या आड कुठे आणि कसा आहे हे सांगायला तो पुरणारा सेंट्रिंगवाला तिथे नसतो.