ताई-दादा तास

आज आमच्या सातपूरच्या शाळेत पहिला ‘ताई-दादा तास’ झाला. नववीतल्या एकेकाकडे पाचवीतली दोन मुलं, दर शनिवारी अर्धा तास.

वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी व्हरांड्यात मांडी घालून भागाकार शिकवत होती. समोरच्या पोराला ‘बाकी’ काही कळेना. तिनं डब्यातली द्राक्षं काढली, १७ मोजली, चार वाटे केले. “एक उरलं ना? तीच बाकी.” खांबाआड उभी होते मी. डोळे भरून आले.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. मद्रासमध्ये मुलंच मुलांना शिकवताना पाहून स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल यांनी ती अनाथाश्रमाच्या शाळेत वापरली, १७९७ मध्ये त्यावर लिहिलं, आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली.

एक मात्र आधीच बजावलंय. लहानग्यानं घरचं काही दुखणं सांगितलं, तर ते मनात ठेवायचं नाही, बाईंना सांगायचं. चौदा वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं नको.

सुटताना तो पोरगा फाटकापाशी तिला विचारत होता, “ताई, पुढच्या शनिवारी येशील ना?”