बाकीचे लोक कधी येणार?

"बाकीचे लोक कधी येणार?" शेजारच्या आजींनी हळूच विचारलं. लंडनमधलं छोटंसं चर्च, दुपारचा फुकट कार्यक्रम, समोर एक मुलगी, तिच्यापेक्षा उंच डबल बेस, म्हणजे ऑर्केस्ट्रात एरवी मागून साथ करणारं खर्जाचं तंतुवाद्य, आणि एक पियानोवाला, बस.

आणखी कुणी वादक येणारच नव्हते. तिने बोत्तेसिनी या इटालियन संगीतकाराचा बी मायनर कॉन्चेर्तो, म्हणजे एका मुख्य वाद्याला पुढे ठेवणारी रचना, सुरू केला आणि मी शेवटपर्यंत हललोच नाही. सोलोसाठी चारही तारा नेहमीपेक्षा एक स्वर वर चढवतात, त्यामुळे आवाज उजळ होतो, आणि वरच्या सुरांना ती डावा अंगठा तारेवर आडवा टेकवून वाद्यावर पार ओणवी होत होती, संथ भागात तर डोळे मिटले की चेलोच, म्हणजे बेसचा धाकटा भाऊच, वाटावा.

हा बोत्तेसिनी १८३५ साली मिलानला शिकायला गेला तेव्हा स्कॉलरशिपच्या दोनच जागा उरल्या होत्या, बसून (bassoon) नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य आणि डबल बेस. त्याने बेस घेतला.

मला सारखं तबल्याचं सोलो आठवत होतं, लेहरा धरणाऱ्या हार्मोनियमसारखा तो पियानो. संपल्यावर आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, पण त्यांचा तो प्रश्न काही डोक्यातून जात नाहीये.

साथीच्या वाद्याला एकटं, मन लावून तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?