सुरगाठ आणि सुतळी बॉम्ब

मराठवाड्यातल्या गावात मंडळाची दिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजन उरकून शाळेच्या पटांगणात जमणं. म्हाताऱ्यांसाठी वर्गातून काढलेले बाक, ताटांत चिवडा-शंकरपाळे, कोपऱ्यात उकळणारा चहा आणि मधोमध पोत्यावर मांडलेले वर्गणीचे फटाके. त्याआधीच्या बैठकीत फटाके कितीचे आणायचे यावर तासभर वाद चाले. कुठं आणि कधी वाजवायचे हे मात्र उठता उठता ठरे. जनावरांचं आणि आजाऱ्यांचं सगळं त्या शेवटच्या दोन मिनिटांवर अवलंबून असे.

जाणती मंडळं यादीतून सगळ्यात आधी बाण काढत. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची बनीम रचलेली असते, गोठ्यालगत कडब्याची गंजी असते. रिकामी बाटली कलंडली की बाण आडवा सुटतो आणि ठिणगी थेट गंजीत. मग यादीतून हजाराची लड जाई. जोडलेल्या फटाक्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंदीच घातली आणि दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ दिली. कमी धुराच्या ‘हिरव्या’ फटाक्यांचं म्हणाल, तर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या सूत्रानुसार त्यांत धूलिकण साधारण ३० टक्क्यांनी कमी. पण आवाज उरतोच. बैलाला खोक्यावरचं बोधचिन्ह वाचता येत नाही.

खरा फरक पडे तो दवंडीनं. आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं: उद्या आठ ते नऊ, शाळेचं पटांगण, नंतर एकही नाही. एवढं कळलं की गोठ्यातली कामं वेळेत होत. वैरण-पाणी आणि धार आठच्या आत, कारण घाबरलेली म्हैस पान्हा चोरते: भीतीनं अंगात जे रसायन उसळतं ते दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनला अडवतं. गोठ्यातला दिवा चालू ठेवायचा, म्हणजे बाहेरचा लखलखाट तितका जाणवत नाही.

आणि दावं. बैल वेसणीला कधीच बांधायचा नाही. बिचकून मागं ओढला की नाकपुडी फाटते. गळ्यातला फास ताण पडला तरी आवळणार नाही असा हवा. खुंट्याकडची गाठ मात्र सुरगाठ: मोकळं टोक ओढलं की दावं सुटलं पाहिजे. तिथं कुणी गच्च निरगाठ मारली, तर जनावर दाव्यात अडकून पडल्यावर ती बोटांनी सुटत नाही. विळा शोधेपर्यंत उशीर होतो. दावं लांब ठेवलं तर पाय अडकतो, म्हणून बसता येईल इतकंच.

हलगीला बैल बुजत नाहीत असं नाही. पण तो ठेका पोळ्यापासून कानांच्या ओळखीचा असतो, एकसारखा असतो. सुतळी बॉम्ब न सांगता येतो.

कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात. त्याला दिवस मावळायच्या आत फिरवून आणायचं, पट्ट्यावर फोन नंबर लिहायचा, आतल्या खोलीत पंखा मोठ्यानं लावून मोकळं सोडायचं. माणसाची झोपेची गोळी द्यायची नाही. पटांगणाच्या कडेला बगळ्यांची चिंच असेल तर फटाके दुसऱ्या टोकाला. अंधारात उठलेली पाखरं तारांवर आदळतात.

दम्याच्या माणसाला छळतो तो धूर, आणि तिथं पोरांची लाडकी सापाची गोळी सगळ्यांत वाईट. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजणीत सर्वाधिक बारीक धूळ तिचीच निघाली. आवाज नाही म्हणून आजोबांच्या ओट्यावर पेटवतात, तेही नेमकं त्यांच्या खुर्चीजवळ! ओला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो. श्वासाच्या औषधाचा पंप हाताशी हवा. ओली बाळंतीण ज्या घरात आहे ती गल्ली टाळायची, हे बायका बैठकीला न येताही ठरवून टाकत.

भाजलं तर वाहतं साधं पाणी, २० मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही.

पाडव्याच्या सकाळी पटांगण झाडायची पाळी पोरांची. फुसके फटाके हातात घ्यायचे नाहीत, पत्र्यावर ओढून पाण्याच्या बादलीत टाकायचे. दारू काढून कागदावर पेटवायच्या खेळात तोंड भाजतं. कागदाचे तुकडेही पोत्यात भरायचे, नाहीतर मोकळी वासरं चघळतात. दुपारपर्यंत बादलीतलं पाणी काळं झालेलं असे. तोवर गोठ्यातली दावी सुटलेली आणि गुरं नदीवर गेलेली.