द्रवाचा गुण मोजताय, की उकाडा?

झेड-स्कॅन म्हणजे लेसरच्या नाभीतून (किरण जिथे सर्वांत बारीक होतो तिथून) द्रव सरकवत नेऊन पलीकडच्या छिद्रातून किती प्रकाश जातो ते मोजणं; त्यावरून प्रकाशाच्या तीव्रतेने द्रवाचा अपवर्तनांक किती बदलतो ते काढतात. त्यासाठी हाताशी बहुधा ५३२ नॅनोमीटरचा, सतत चालणारा हिरवा लेसर असतो, समजा ५० मिलिवॅटचा. गणित आधी करा. किरणाची त्रिज्या १ मिमी आणि भिंग १५० मिमीचं असेल तर नाभीशी त्रिज्या साधारण २५ मायक्रॉन भरते, रॅले लांबी (नाभीपासून किरण जवळपास बारीक राहतो ते अंतर) ३.८ मिमी. म्हणून क्युव्हेट (द्रव ठेवायची काचेची डबी) त्याहून पातळ, १ मिमीचीच हवी. नेहमीची १० मिमीची इथे निरुपयोगी.

आता कार्बन डायसल्फाइड. त्याचा अरैखिक अपवर्तनांक (तीव्रतेबरोबर अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) साधारण ३ × १०⁻¹⁸ चौ.मी. प्रति वॅट. नाभीशी तीव्रता ५ × १०⁷ वॅट प्रति चौ.मी. धरली तर कलांतर (प्रकाशलहर किती मागे-पुढे सरकते ते) येतं जेमतेम २ × १०⁻⁶ रेडियन. आलेखातल्या शिखर-दरीतला (छिद्रातून येणाऱ्या सर्वाधिक आणि सर्वांत कमी प्रकाशातला) फरक त्याच्या ०.४ पट. हे फोटोडायोडला दिसणार नाही. तरी रंगीत द्रावणात शिखर-दरी ठसठशीत दिसते, कारण ती उष्णतेची आहे: द्रव प्रकाश शोषून तापतो, अपवर्तनांक घटतो, अंतर्गोल भिंग तयार होतं. क्युव्हेट भिंगाकडून छिद्राकडे सरकवताना आधी शिखर, मग दरी. पाण्याऐवजी इथेनॉल घेतलं तर हे भिंग सुमारे चौदापट तीव्र होतं.

खात्री करायची तर क्युव्हेट दरीच्या जागी ठेवा, शटर उघडा, ऑसिलोस्कोप पाहा. सिग्नल मिलिसेकंदांत हळूहळू उतरला तर उष्णता. केर परिणामाला, म्हणजे निव्वळ प्रकाशाच्या तीव्रतेने होणाऱ्या बदलाला, असा वेळ लागत नाही. शिखर-दरीतलं अंतर रॅले लांबीच्या १.७ पटीपेक्षा बरंच जास्त आलं, तरी संशय घ्या. अशा प्रयोगातला आकडा 'द्रवाचा गुणधर्म' म्हणून छापणं मला पटत नाही. नाभीची त्रिज्या बदलली की तोही बदलतो.

तरी मोजायचंच असेल तर:

हिरव्या लेसरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश गळतो, सिलिकॉन फोटोडायोड तोही मोजतो. अवरक्त रोखणारा फिल्टर लावाच. छिद्रातून २० ते ४० टक्के प्रकाश जाऊ द्या. प्रत्येक जागी दोन सेकंद थांबा, लांबच्या टोकांना उष्णता स्थिरावायला वेळ लागतो. आधी कमी शक्तीवर एक फेरी घेऊन तिने भागा, म्हणजे क्युव्हेटच्या काचेचे दोष निघून जातात. लेसरची चढउतार दुसऱ्या फोटोडायोडने टिपा. मे महिन्यात जळगावला पारा ४५ अंशांकडे गेला की लेसर डायोडची शक्ती सरकतेच.

आणि कूलर बंद. त्याची झुळूक आणि थरथर दोन्ही आलेखात उतरतात. इथेनॉलवर झाकण ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत द्रावण घट्ट होऊन सकाळचा आलेख जुळणार नाही.