आमची वाटचाल: बटण दाबण्याआधी वही

इमारतींतले दिवे, एसी, हवा, पाणी यांचे सेन्सर मार्गी लावायच्या या धंद्यात आम्ही आलो ते वायरिंगवाले म्हणून. पुण्यात नऱ्ह्याला भाड्याचा गाळा, मी, माझा मेव्हणा आणि तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून उधारीवर उचललेला माल, एवढंच भांडवल. हिंजवडी, खराडी, बाणेर भागात ऑफिसच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि फॉल्स सीलिंगच्या वर सेन्सरच्या वायरी ओढायचं काम आम्हाला पोटठेक्यानं मिळायचं. वायर ओढली, तपासून दिली, बिल लावलं की आमचा संबंध संपला.

इमारत चार-दोन वर्षांची झाली की मात्र फोन आम्हालाच यायचे. कुठली वायर कुठून गेलीय ते आम्हालाच ठाऊक होतं ना! सेन्सर चालू करून देणारा माणूस नोकरी सोडून गेलेला, पासवर्डचा पत्ता नाही, मीटिंग चालू असताना दिवे जातायत, रिकाम्या मजल्यावर एसी चालतोय. दुसऱ्यांनी बसवलेले सेन्सर मार्गी लावणं हे आमचं आजचं काम तिथून उभं राहिलं.

खराडीतल्या एका इमारतीनं आमची पद्धत ठरवून टाकली. पावसाळ्यात वीज गेली, आली आणि एका मजल्यावरचे निम्मे सेन्सर स्क्रीनवर दिसेनात. तिथल्या आधीच्या ठेकेदारानं शिडी लावून प्रत्येक सेन्सरचं रीसेट बटण दाबलं. मग एकही दिसेना. ते सेन्सर मॉडबसवर, म्हणजे एकाच वायरवरून अनेक यंत्रांनी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीनं, बोलणारे होते. त्यात एका लाइनवरच्या प्रत्येक सेन्सरला १ ते २४७ मधला स्वतःचा पत्ता लागतो. रीसेट केल्यावर सगळे कारखान्यातल्या पत्त्यावर, म्हणजे १ वर गेले. हजेरी घेताना एका नावाला सगळा वर्ग ओ देऊ लागला तर गुरुजींना काय ऐकू येणार? शिवाय लाइन सेकंदाला १९२०० बिटच्या वेगावर आणि सेन्सर मात्र ९६०० वर परतलेले.

आम्ही सगळे सेन्सर लाइनवरून सोडवले. एकेक लॅपटॉपला जोडायचा, पत्ता द्यायचा, वेग आणि पॅरिटी (निरोपातली चूक पकडायची खूण) जुळवायची, सीलिंगच्या टाइलवर मार्करनं तोच पत्ता लिहायचा, मगच पुढचा. शेवटी मूळ बिघाड सापडला तो एका सेन्सरच्या टर्मिनलमधल्या ढिल्या स्क्रूत. त्याच्यापुढची सगळी लाइन तुटली होती. एक स्क्रू आवळायचं काम होतं, रीसेटची गरजच नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पत्ता, वेग, दिवा किती मिनिटांनी विझायचा, संवेदनशीलता, मापाची पट्टी हे सगळं वहीत उतरवल्याशिवाय आणि सेन्सरचा फोटो काढल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. वहीची प्रत ग्राहकाला द्यायची. या लाइनीतले काहीजण म्हणतात, अशी प्रत दिली की ग्राहक दुसऱ्याकडे जातो. माझं मत उलट आहे. इमारत त्यांची, मग तिची माहितीही त्यांचीच.

रीसेटनं न सुटणारी दुखणी बरीच असतात. हिंजवडीत चोवीस तास चालणाऱ्या एका मजल्यावर लोकांना गुदमरल्यासारखं व्हायचं, पण कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर सगळं आलबेल दाखवायचा. यातले बरेच सेन्सर गेल्या काही दिवसांतलं सर्वांत कमी माप हीच बाहेरची हवा, म्हणजे साधारण ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग), असं धरून स्वतःला जुळवून घेतात. रात्री ओस पडणाऱ्या ऑफिसात ते ठीक आहे. जिथे रात्रपाळी कधी थांबतच नाही, तिथे हवा त्या पातळीला येतच नाही, सेन्सर हळूहळू कमी दाखवू लागतो आणि ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, बंद राहतो. रीसेट केला तरी पुन्हा तेच. आम्ही ते आपोआप जुळवणं बंद केलं आणि सेन्सर पहाटे गच्चीवर, जनरेटरच्या धुरापासून लांब नेऊन मोकळ्या हवेत हातानं जुळवले. जवळ उभं राहून श्वास सोडायचा नाही, हेही पोरांना बजावून सांगावं लागतं.

२०२० च्या टाळेबंदीनंतर ऑफिसं उघडली तेव्हा बैठकव्यवस्था बदलल्या, काचेच्या केबिनी आल्या. हालचाल टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरला काचेपलीकडचा माणूस दिसत नाही. तिथे सेटिंग बदलून भागत नाही, सेन्सरच हलवावा लागतो.

सोसायट्यांची कामं वेगळीच. उन्हाळ्यात टँकर मागवायचा की नाही हे गच्चीवरच्या टाकीच्या सेन्सरवर ठरतं. "अहो, बॅटरी नवी घातली तरी कालचंच माप दाखवतंय," असा सेक्रेटरी काकांचा फोन येतो. लोरावॅनवरचे, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर माप पाठवणाऱ्या बिनतारी जाळ्यावरचे, काही सेन्सर बॅटरी काढली की जोडणीचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात आणि सर्व्हर वापरलेला क्रमांक दुसऱ्यांदा घेत नाही. तिथे गच्चीवर चढायचं कामच नाही, सर्व्हरवरची जुनी नोंद पुसली की सेन्सर जोडला जातो.

आता आमच्याकडे आयटीआय झालेली मुलं-मुली आहेत. लॅपटॉप हातात देण्याआधी आम्ही त्यांना वही भरायला शिकवतो. नवीन एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेताना पहिली फेरी फक्त नोंदीची असते आणि तिचे पैसे वेगळे लावतो. ज्यांना ती नको असते, त्यांचं काम आम्ही घेत नाही.