जर्मन शाळा की इंग्लिश शाळा: चार महिन्यांचा काथ्याकूट

गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं. नवऱ्याची कंपनी जर्मन, तीन वर्षं जर्मनीत काढली, पोरगी तिथल्या किटात म्हणजे बालवाडीत दोन वर्षं गेली आणि आता कंपनीने आम्हाला उचलून तिसऱ्याच देशात आणून ठेवलंय, कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं, पुढचं बहुतेक परत जर्मनी पण छातीठोकपणे कोणी सांगत नाही. इथे इंग्लिश मीडियमच्या इंटरनॅशनल शाळा ढीगभर, जर्मन मात्र एकच. मला वाटलेलं आठवड्यात निकाल लागेल. कसला लागतोय!

खरं तर जर्मन एकच हे कळायलाही महिना गेला. आधी एका शाळेला फोन केला तर बाई म्हणाल्या हो हो, आमच्याकडे जर्मन आहे. आम्ही नटूनथटून गेलो, तासभर वर्ग बघितले, लायब्ररी बघितली आणि शेवटी कळलं की आठवड्याला पाच तास जर्मन आणि बाकी सगळं इंग्लिशमध्ये. वाईट काहीच नाही त्यात, पण मग तसं सांगा ना बाई फोनवर. तेव्हापासून मी पहिला प्रश्न एकच विचारते, गणित कुठल्या भाषेत शिकवता? त्याच्या उत्तरात सगळं येतं.

खरी जर्मन शाळा म्हणजे जिला जर्मन सरकारची मान्यता आणि मदत असते ती. अशा जगभरात 130-140 आहेत, काही भयंकर जुन्या, तोक्यो-योकोहामाची तर 1904 सालची. पण त्या सरकारी नाहीत हं, आणि फुकट तर अजिबातच नाहीत (आमच्या सगळ्या मित्रमंडळींचा हाच गैरसमज). बहुतेक शाळा पालकांची एक संस्था चालवते, तिला शूलफेराइन म्हणतात, म्हणजे मेंबर झालात की मीटिंगला जाऊन मत द्यायचं, बजेटवर डोकं खायचं, सगळं आलं. काही टीचर जर्मनीहून पाठवलेले असतात आणि ठरावीक वर्षांनी परत जातात, बाकीचे इथेच नेमलेले. आणि सगळ्या शाळा आबिटुअरपर्यंत म्हणजे बारावीच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत नसतात, काही लहान शाळा आधीच संपतात, हे आधी विचारून घ्या, नाहीतर चौदा वर्षांचं पोर घेऊन पुन्हा शाळा शोधत फिरायची वेळ यायची.

आता आमचं घोडं कुठे अडलं ते सांगते. नवरा म्हणत होता इंग्लिश शाळा सेफ, उद्या कंपनीने आणखी कुठे पाठवलं तरी इंग्लिश चालतं, जर्मन शाळा काय गल्लोगल्ली नसते. बरोबरच आहे त्याचं. मीही जवळपास तयार झाले होते, एका इंग्लिश शाळेत डिपॉझिटसुद्धा भरलं. मग एका रात्री झोप येईना म्हणून बोटं मोजत बसले. पोरगी सहाची, आता पहिलीत जाणार. तीन वर्षं म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. परत जर्मनीत गेलो तर थेट चौथीत. आणि जर्मनीत ग्रुंडशूले म्हणजे प्राथमिक शाळा असते चौथीपर्यंत (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत), त्यानंतर मुलांची वाटणी होते, कोण गिम्नाझिउममध्ये (आबिटुअरकडे नेणारी शाळा), कोण रेआलशूलेत (दहावीपर्यंतची), कोण आणखी कुठे, आणि बऱ्याच राज्यांत शाळेची शिफारस चौथीच्या सहामाहीच्या निकालावर निघते. म्हणजे तीन वर्षं इंग्लिशमध्ये शिकलेली पोर जर्मनीत उतरणार आणि पाच-सहा महिन्यांत तिच्या जर्मनवरून कोणीतरी तिची पुढची वाट सुचवणार. पुढे बदलता येते म्हणा वाट, पण नऊ वर्षांच्या मुलीला तो धक्का कशाला द्यायचा?

नवऱ्याला रात्री साडेबाराला उठवून सांगितलं. "अगं, सकाळी बोलू" म्हणाला आणि कूस बदलली, पण पाच मिनिटांनी स्वतःच बोटं मोजायला लागला.

मग जर्मन शाळेत तिला एक दिवस बसवलं. ह्याला श्नुपरटाग म्हणतात, शब्दशः हुंगून बघायचा दिवस. शिवाय वीस मिनिटं तिच्याशी गप्पा मारून भाषा किती येते ते बघितलं. अजिबात जर्मन न येणारं मूल त्या शाळेत बालवाडीतच घेतात, पहिलीला तयारी लागते, आमचं किटामुळे निभावलं. घरी येताना हातात गणिताचा एक कागद होता. त्यावर भागाकाराची खूण म्हणजे नुसती दोन टिंबं एकावर एक, गुणाकाराला एकच टिंब, 1 ला वर एवढी मोठी शेंडी की मला तो 7 च वाटला, आणि खऱ्या 7 च्या पोटात आडवी रेघ. वरच्या वर्गाच्या फळ्यावर 3,5 लिहिलेलं बघून नवऱ्याने विचारलं तीन आणि पाच असं का लिहिलंय, तर ते साडेतीन होतं. पॉइंटच्या जागी स्वल्पविराम! हा माणूस नऊ वर्षं जर्मन कंपनीत आहे.

गंमत म्हणजे ह्या भाषेत आपल्याला परकं वाटू नये अशा बऱ्याच गोष्टी आहेत. जर्मनमध्ये एकवीसला एक-आणि-वीस म्हणतात, म्हणजे एकक आधी, अगदी आपल्यासारखं. त्या इंग्लिश शाळेच्या टेस्टमध्ये बाईंनी ट्वेन्टी फोर म्हटलं आणि हिने ठसक्यात 42 लिहिलं. बाईंना वाटलं हिला आकडे येत नाहीत, मला मात्र बरोबर कळलं काय झालं ते. तसंच लिंगाचं, त्यांच्याकडे डेअर, डी, दास, आपल्याकडे तो, ती, ते, तिन्ही हजर. फक्त जुळत नाहीत. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण काटा तिकडे बाई आणि सुरी तिकडे नपुंसक. त्यामुळे परवा जेवताना ऑर्डर आली, "आई, ते सुरी दे." माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि झालं, "गेली हो पोर हातची, मराठी गेलं."

ह्याची मलाही धास्ती होतीच, म्हणून टीचरला विचारलं की आम्ही घरी आता जर्मन बोलायला सुरुवात करू का. त्या लगेच नाही म्हणाल्या. घरी तुमची स्वतःची भाषा बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा, जर्मन आमच्यावर सोडा. थोडक्यात तुमचं मोडकंतोडकं जर्मन तिच्या कानावर घालू नका, पण बिचाऱ्यांनी सभ्यपणे सांगितलं. मला मात्र एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पण जर्मनी आमच्या हिशेबात नसती तर मी ही शाळा घेतली नसती, हे स्पष्ट सांगते. शाळेबाहेर जिथे जर्मनचा शब्द कानावर पडत नाही आणि पुढे जर्मनभाषक देशात जायचं नाही, तिथे नुसत्या शिस्तीच्या नावाखाली मुलाला ह्यात ढकलू नये. एक मैत्रीण म्हणाली अगं आबिटुअर झालं की जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीत फीच नाही. ते बऱ्यापैकी खरं आहे, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो पडतात, पण जर्मन आबिटुअरवाल्यांना तेही माफ, पासपोर्ट कुठलाही असो. पण बाई गं, माझ्या पोरीचे पुढचे दोन दात पडलेत, युनिव्हर्सिटीचं काय घेऊन बसलीस!

तर जर्मन शाळा ठरली. इंग्लिश शाळेचं डिपॉझिट बुडालं, त्यावर नवरा अजून अधूनमधून उसासे टाकतो. सामानाची यादी आली, त्यात जाड तिकोनी पेन्सिली, व्यायामाची पिशवी आणि वर्गात घालायच्या सपाता. सपाता आणल्या त्या दिवसापासून बाईसाहेब त्या पायातून काढत नाहीत, काल तर घालूनच झोपल्या. शाळा सुरू व्हायला अजून सात आठवडे आहेत, मला वाटतं दुसरा जोड आणावा लागणार.